टिटवीच्या मागे

५ जानेवारी, रविवार

आजही मागेच राहिले. अंकू टेकडीच्या पार गेली आणि मी अजून खाली ओढ्यात. कानात तिचा आवाज स्पष्ट, "आई, कोठी राह्यली?" आणि स्क्रीनवर ती मोहरीएवढी. थांबते बिचारी. मी धापा टाकत पोचते, की ती लगेच निघते. म्हणजे धापा मी नाही टाकत, शोभाराणी टाकते.

शोभाराणी म्हणजे खेळातली मी. नाव लेकीनेच ठेवलं. पांढरा झगा, हातात काठी, लोकांच्या जखमा बऱ्या करणारी वैदीण. अंकू स्वतः टिटवी. पाठीला धनुष्य आणि धावायला लागली की पाय दिसत नाहीत.

तिचा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला होता, मशीनच्या खोलीत, अस्तराच्या कापडाखाली. पावसाळ्यात तिने पुण्याहून फोनवर एकेक सांगितलं, हे दाब, आता ते दाब, आणि मला या राज्यात आणून सोडलं. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता. हेडफोन लावायचा, बोलायचं आणि चालायचं.

फोनवर पोरगी "हं, जेवली. हं, ठीक." एवढंच. चालताना मात्र बोलते. सुरुवातीला पुण्याचं, "अगं आई, ऐक ना", मग खेळातला पूल ओलांडला की आपलं सुरू होतं, "काय सांगू तुले". लहानपणी बाजारातून पिशवीचा एक बंद धरून यायची तेव्हाही असंच. त्यासाठी खेळते मी. नाहीतर मला त्या राक्षसांशी काय देणंघेणं!

७ जानेवारी

चार ब्लाऊज द्यायचे होते, दोनच झाले. दुपारभर व्हिडिओ पाहिले. एक पोरगा हिंदीत ओरडून ओरडून सांगतो, कॅरेक्टर की स्पीड कैसे बढायें. ऐकून घेतलं सगळं. बूट बदला. पायरी चढली की मिळणारे गुण चपळाईत घाला. वेगाचा काढा प्या. घोडा घ्या. आणि काहीच नसेल तर धावत राहा, धावून धावून पाय आपोआप तयार होतात.

घोडा नको. एकदा चढले होते, सरळ तळ्यात गेला.

गुण मी सगळे दयेत घातले होते. अंकू तेव्हाच हसली होती.

यांना विचारायची सोय नाही. हे आणि अंकू बोलत नाहीत, दुसरी दिवाळी गेली. घाटंजीचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. ती आधी नको म्हणत होती, कुणी मनावर घेतलं नाही, मीही नाही. सकाळी पोहे भिजवून ठेवले होते आणि ही पहिल्या गाडीने निघून गेली. यांनी फोनवर एकच वाक्य म्हटलं, "आता येऊ नोको." ती आली नाही. झालं. बापलेक दोघंही शब्दाचे पक्के, मधल्या मधे मी.

१२ जानेवारी, रविवार

अंकूने काढे दिले. हिरव्या काचेच्या लहान बाटल्या. "पी अन् पळ." प्यायले. काय पळाली शोभाराणी! टिटवीच्या बरोबरीने, खांद्याला खांदा लावून. वेशीपासून देवळापर्यंत. मग उतरला काढा आणि आम्ही पुन्हा बैलगाडी. आणखी एक दिला. पुन्हा तसंच, असे कितीतरी प्यायले.

बाटल्या पिशवीत ठेवल्या. तिच्या आहेत.

ती म्हणाली, "आई, काढ्यावर किती दिवस? तुह्याच पायात जोर पाह्यजे." म्हटलं, "पन्नाशीत?" हसली. तिचं हसणं ऐकलं की आठवडा बरा जातो.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या दुर्गाताई हळदीकुंकवाला आल्या. त्यांचा डबा कधीचा आमच्याकडे पडून होता, आज तिळाच्या वड्या घालून परत केला. त्यांनी विचारलंच, "अंकिता नाई आली याही साली?" म्हटलं, सुट्टी नाही. त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे की त्यांना माहीत आहे. हळदीकुंकू लावून आल्या तशा गेल्या.

१९ जानेवारी, रविवार

चारच्या आधीच लाइन गेली. यायचं नावच नाही. मी मशीनवर बसले, उठले, अंगणात गेले, पुन्हा बसले. सूर्य कलला तेव्हा आली. घाईघाईत आत शिरले, तर टिटवी पुलाच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली. तेवढ्या वेळात कितीतरी राक्षस मारून आली असती. बसून राहिली.

"आई, आली का वं?"

"आली बापा."

कठड्यावरून उतरली आणि चालायला लागलो.

२१ जानेवारी

युक्ती सापडली. धावून धावून पाय तयार होतात ना? मग शोभाराणीला देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पुढे जायच्या बटणावर माझी लोखंडी कात्री ठेवली. ती भिंतीशी धावतेय, मी इकडे फॉल लावतेय. दोघींची कामं चालू.

हे जेवायला आले. बराच वेळ पाहत होते.

"काय वं, हे बाई भितीले काहून धडकून राह्यली?"

"व्यायाम करून राह्यली."

"अस्सं." आणि वरण वाढून घेतलं.

२३ जानेवारी

कात्री लागली तेव्हा बटणावर साखरेचा डबा ठेवला. तिकडे आपली धावतेच आहे बिचारी. तिच्याकडे पाहून मलाच कसंतरी झालं. म्हटलं, बस कर बाई, पाणी पी.

२६ जानेवारी, रविवार

एवढं धावून फरक शून्य म्हटलं तरी चालेल. अंकूलाही कोडं पडलं. म्हणाली, "तुही पायरी वाढली, चपळाई वाढली, मंग चाल काहून वाढत नाई?" आवाजात जरा चीड होती. माझ्यावर नसेल. पण होती.

मग म्हणाली, मार्चच्या आत तुले उत्तरेकडं न्यायचं हाय. एक जागा दाखवायची हाय.

"मार्चच्याच आत काहून?"

"असंच."

'असंच' म्हणायची तिची पद्धत मला ठाऊक आहे. दहावीत गणित राहिलं तेव्हाही "असंच" म्हणून दोन दिवस जेवली नव्हती. मी पुढे विचारलं नाही. विचारलं की पोरगी गोगलगायीसारखी आत जाते.

२ फेब्रुवारी, रविवार

नवे बूट घातले. हरणाच्या कातड्याचे, चांदीची नाडी. व्यापाऱ्याला होतं नव्हतं ते सगळं देऊन घेतले. व्हिडिओतला पोरगा म्हणतो, हे घातले की उडालात म्हणून समजा. उडाले कसली! चिखलातून म्हैस निघावी तशी निघाले.

रागावले शोभाराणीवर. मोठ्याने. "खातंपितं घर हाय तुह्यं, बूट हायेत, काढे हायेत, आणखीन काय पाह्यजे तुले?" हे बाजेवर पेपर घेऊन पडले होते, पेपरच्या वरून पाहिलं आणि पुन्हा आत गेले.

खरं सांगायचं तर राग शोभाराणीचा नव्हता. टिटवी सारखी मागे वळून पाहते ना, ते मला सोसत नाही. तिला पुढे जायचं असतं. माझ्यासाठी थांबावं लागतं.

मी एकदा पुण्याला जाऊन आले होते. तिच्या खोलीत आणखी दोघी मुली. माझ्यासाठी त्यांनी एक गादी रिकामी केली, पाण्याची बाटली उशाशी ठेवली, आणि रात्री कुजबुजत बोलत होत्या, काकू झोपल्यात म्हणून. लेकीच्या घरी पाहुणी झाले. तिचं माझं मोकळं बोलणंच झालं नाही तिथे. इथे या खोट्या डोंगरात होतं. हेही काय नशीब.

९ फेब्रुवारी, रविवार

आज छान झालं. धुकं होतं तिकडे, अंकू म्हणाली सावकाश चालू. ऑफिसातल्या एकीचं लग्न, डब्यातल्या भाजीला चव नसते, केस गळतात. मी म्हटलं मेथ्या भिजवून लाव. ती म्हणाली, वेळ कोणाले हाय? मग अंबाडीची भाजी कशी करायची ते विचारलं. सांगितलं सगळं, फोडणीपर्यंत.

मध्येच, "बाबा काय करून राह्यले?"

"बाजेवर हायेत."

"तब्येत?"

"चांगली."

"हं."

एवढंच. पण तिने विचारलं. यांना सांगावं की नाही, ठरेना. रात्रीच्या जेवणात सांगितलं, "अंकू तब्येत विचारत होती." यांनी ताटातली मिरची बाजूला केली आणि म्हणाले, "कापसाची आवक कमी झाली हाय आता." मी उठले. काय करावं माणसाचं!

१६ फेब्रुवारी, रविवार

सावकाश लिहिते, नाहीतर राहून जाईल काही.

चार वाजता सुरू केलं. टिटवी पुढे, मी मागे, नेहमीचंच. हे चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. कधी येत नाहीत. थोडा वेळ पाहिलं आणि स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात बोट लावलं.

"हे लाल आकडे कायचे हायेत?"

मी कधी पाहिलंच नव्हतं तिकडे. माझं लक्ष सगळं टिटवीकडे.

"वजन हाय ते," हे म्हणाले. यांची हयात जिनिंगच्या धर्मकाट्यावर गेली, कापसाच्या गाड्या तोलण्यात. "पासिंग एवढं, अन् भरलं एवढं. गाडी ओव्हरलोड हाय तुही. इंजिन बदलून काय फायदा? पह्यले माल पाह्य."

पिशवी उघडली. बाटल्या. हिरव्या, रिकाम्या, रांगाच्या रांगा. बोळातल्या भंगारवाल्याकडे नसतील इतक्या. आणि ज्या मातीच्या वाडग्यांतून अंकू मला सूप द्यायची, ते वाडगेही सगळे, पार पावसाळ्यापासूनचे.

तिकडून अंकूचा आवाज एकदम बारीक. "आई, बाबा हायेत का तिथं?"

माइकमधून ऐकू गेलं असणार. मी मागे वळले. हे कप ठेवून बाहेर गेले होते. चहा तसाच.

"होते," म्हटलं.

टिटवी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुह्या पिशवीत काय हाय एवढं?"

"तुह्या बाटल्या. अन् वाडगे."

"रिकाम्या? काहून ठेवल्या?"

"तुही भांडी हायेत ना वं. रिकामी कशी परत करू? मध गोळा करून राह्यली होती, भरून द्यावं म्हटलं. त्या मधमाश्या जवळ येऊ देत नाईत."

आधी हसली. खूप हसली. हसता हसता तिचं नाक वाजलं आणि मग काहीच ऐकू येईना. मी म्हटलं, "अंकू?" ती म्हणाली, "आई, खेळात प्यायली का फेकून द्यायच्या असतात बाटल्या. सगळे फेकतात." म्हटलं, फेकत असतील, आपल्यात नाही फेकत. लेकीच्या घरचं भांडं रिकामं पाठवलं तर लोक काय म्हणतील? "कोण लोक आई? इथं लांडगे हायेत."

मग म्हणाली, "आण इकडं. माह्याजवळ दे." मी एकेक करून दिल्या. सगळ्या घेतल्या तिने. आणि निघालो तर काय, शोभाराणी वाऱ्यासारखी! वळणावर जाऊन मागे पाहिलं, टिटवी मागे राहिलेली, पाय ओढत येत होती. माझं ओझं घेऊन. जन्मात पहिल्यांदा मी तिच्यासाठी थांबले.

"फेक ना तू तरी," म्हटलं.

"नाई फेकत," ती म्हणाली. "आपल्यात नाई फेकत ना?"

१७ फेब्रुवारी

सकाळी डबा घेताना हे: "उतरवला माल?"

"उतरवला."

"मंग चालली गाडी?"

"चालली."

मान हलवली. सायकल काढली. फाटकापाशी पुन्हा थांबले, मला वाटलं काही विचारतील. टायर दाबून पाहिलं आणि गेले.

२३ फेब्रुवारी, रविवार

उत्तरेकडे गेलो. ज्या वाटेची मला पावसाळ्यापासून भीती दाखवली ती बघता बघता संपली. बर्फ आला कधी, गेला कधी. दोघी नुसत्या धावत. मी वेगाच्या आनंदात आणि अंकू गप्प. आधी पुलापर्यंत जाईस्तोवर तिचा अख्खा आठवडा ऐकून व्हायचा. आज पूल कधी मागे पडला ते कळलं नाही.

शेवटी समुद्र. कड्यावर दगडी घर, दारात दिवा. तिचं घर. मला न सांगता कधीपासून बांधत होती. आत चूल, खिडकीत कुंडी, आणि एका खोलीत चरखा. "खेळात शिलाई मशीन नाई भेटत," म्हणाली. माझ्या काढ्याच्या बाटल्या फळीवर ओळीने लावलेल्या.

मग दारात उभं राहून बोलली. कंपनी तिला कॅनडाला पाठवते आहे. मार्चच्या शेवटी. तीन वर्षं, मग पुढचं पुढे. आपले चार वाजतील तेव्हा तिकडे पहाट. "रविवारचं पाहू आई, जमवू कसंतरी." माझ्या गिऱ्हाइकांनी कापड दाखवल्यावर "पाहू" म्हटलं की ती परत येत नाहीत. मला कळतं 'पाहू'.

"हे घर तुह्या नावावर करून राह्यली," म्हणाली. "म्हणून म्हटलं चाल वाढव. मी नसली तरी तू इथपर्यंत एकटी आली पाह्यजे."

म्हणजे मी धावत होते तिला गाठायला. आणि ती मला शिकवत होती तिच्याविना जायला.

मी सरळच म्हटलं. "मले हे घर नको. जायच्या आधी तू तुह्या घरी ये. एक दिवस. जेवून जा."

"बाबांनी नोको म्हटलं हाय. त्यांनीच ये म्हणावं. तू म्हणून नाई चालत, आई."

हेडफोन काढून ठेवला. कान दुखत होते.

२४ फेब्रुवारी

गळ्याचं माप चुकवलं. नव्या कापडाचं. बाईला फोन करून सांगितलं, तुमचा ब्लाऊज बिघडला माझ्या हातून. चांगल्या आहेत, असू द्या म्हणाल्या.

यांना सांगितलं. पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली.

"किती तारखेले?"

"तीस."

"पाडव्याले."

"हो."

आंघोळीला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

२६ फेब्रुवारी

सगळा राग त्या व्हिडिओवाल्या पोरावर निघाला. स्पीड कैसे बढायें म्हणे. कुणी विचारलं का त्याला, की वाढवून करायचं काय? हळू होते तेव्हा लेक माझ्याजवळ होती. हे मला आधी कळायला हवं होतं असं नाही, कळून तरी काय केलं असतं. तिला जायचंच आहे. जावं तिने. हुशार आहे, कष्टाळू आहे, तिने का अडून राहावं आमच्या या लोहाऱ्यात? पण एकदा उंबऱ्यातून जावं. दही ठेवावं मी हातावर. एवढंच मागणं आहे माझं, फार नाही.

२ मार्च, रविवार

धावायचं नाही असं मीच ठरवलं. एक बटण सापडलं, ते दाबलं की माणूस चालतो, साधा, देवळात चालतात तसा. अंकू दोनदा पुढे गेली आणि परत आली.

"मुद्दाम करून राह्यली ना तू?"

"हो."

मग तिनेही तेच बटण दाबलं. पुलापर्यंत गेलो आणि परत आलो, कुठेच गेलो नाही खरं तर. किती बोलली! तिकडच्या थंडीचं, दोन मोठ्या बॅगांचं, आपलं लोणचं नेऊ देतात का त्याचं. भीती वाटते म्हणाली. कुणाला सांगितलं नाही अजून की भीती वाटते. मी म्हटलं वाटू दे. भीती वाटली तरी पोरगी पाऊल टाकतेच, पाहिलंय मी.

घरी येण्याचा विषय मी काढला नाही. तिनेही नाही.

६ मार्च

आज भांडले. भाकरी तव्यावर असताना. "एक शब्द बोलायला तुमचं काय जाते? एक अक्षर हाय. ये, एवढंच म्हणायचं हाय."

हे ओसरीवर बसले होते.  मला वाटलं, उठून जातील नेहमीसारखे. नाही गेले.

"मी फोन लावला," म्हणाले, "अन् तिनं नाई उचलला तं?"

भाकरी करपली. मी तशीच उभी. इतके दिवस मी याला ताठा समजत होते. माणूस घाबरलेला आहे हे दिसलंच नाही. रोज समोर बसून जेवतो.

"उचलंल," म्हटलं.

"तुले काय माईत?"

खरंच, मला तरी काय माहीत. करपलेली भाकरी यांनीच खाल्ली, मला घेऊ दिली नाही.

८ मार्च, शनिवार

दुपारी जिनिंगला सुट्टी होती. हे खुर्ची ओढून कॉम्प्युटरपाशी.

"ते समुद्राजवळचं घर. दाखव बरं कोठीसं हाय."

दाखवलं. घर आतून पाहिलं, चूल पाहिली. फळीवरच्या बाटल्या पाहून मिशीत हसले. मग म्हणाले, "मले चालवून पाहू दे." शिकवलं. हे पुढचं, हे मागचं, हे वळायचं. दोन्ही हातांची दोन बोटं, कपाळावर घाम. शोभाराणी सुटली ती सरळ कड्यावरून समुद्रात.

"थांबवतात कशी हिले?"

"बोट उचला फक्त."

"एवढंच?"

"एवढंच."

पुन्हा समुद्रात. आणखी एकदा. चहा थंड झाला तरी उठेनात. शेवटी दारापाशी नेऊन उभी केली बरोबर. माझ्याकडे असं पाहिलं की जणू नवा ट्रक काट्यावर लावला.

९ मार्च, रविवार

स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे, हातात काहीतरी हवं म्हणून.

साडेतीनलाच यांनी धुतलेला शर्ट घातला. म्हटलं, कुठे? बटणं लावत राहिले. चार वाजायला आले तर खुर्चीत जाऊन बसले. मी म्हटलं, "ती समजंल मीच हाय." म्हणाले, "समजू दे." हेडफोन कानाला लावला, उलटा. मी सरळ करून दिला. मान गरम होती.

टिटवी पुलावर आली. शोभाराणी थांबलीच नाही, तिच्या पुढून सुसाट निघून गेली, यांना बोट उचलायचं सुचलं नाही. टिटवी मागे धावली. ती कानात काय बोलत होती ते यांनाच ऐकू येत होतं. हे ओठ घट्ट मिटून पुढे. माळ गेला, बर्फ गेला. कड्यावरच्या घराशी मात्र बोट उचललं. दारात उभे राहिले दोघं, समोरासमोर. टिटवी एक पाऊल मागे सरकली. मग पुन्हा पुढे.

मला तिथे उभं राहवेना. चहाचं आधण ठेवायच्या निमित्ताने आत आले. इथून यांचंच तेवढं ऐकू येतं.

खाकरले.

"आई नाई. मी हाय."

 बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न. दूध वर आलं, गॅस बारीक केला.

"हो."

"चांगली हाय तब्येत. नाई, गोळ्या घेतो."

"पडलो ना, तीनदा पडलो. काल."

हे हसले? हसले बहुतेक. का खोकला होता, कळलं नाही. मी दाराकडे जात नाही. गेले तर बंद करतील.

 ती बोलत असणार, बराच वेळ बोलत आहे. हे मध्येच "हं" म्हणतात, मध्येच तेही नाही. खुर्ची कुरकुरली. चहा उकळून अर्धा झाला आहे आणि मी साखर घातली की नाही तेही आठवत नाही.

"आयक अंकू," म्हणाले.

पुढचं ते एक अक्षर अजून आलेलं नाही.